स्लो कुकरमधला राजमा: आधी खळखळून उकळी, मग मंद आच

स्लो कुकर म्हणजे झोपण्यापूर्वी सगळं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि सकाळी झाकण उघडायचं. अख्खे उडीद, हरभरे, छोले, मसूर यांच्यासाठी हा हिशेब बरोबर आहे. राजमासाठी नाही. या वेळच्या सदरात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: कोरडा किंवा नुसता भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. आधी तो गॅसवर खळखळून उकळायला हवा. का, ते पुढे सविस्तर सांगते.

पिंजौरमध्ये बसून हे लिहिताना राजमा टाळता येत नाही. कागदोपत्री पिंजौर हरियाणात, पंचकुला जिल्ह्यात. पण पत्ता सांगताना सगळे ‘चंडीगडजवळ’ म्हणतात. मुघल काळातली बाग आणि एचएमटीचे ट्रॅक्टर ही गावाची जुनी ओळख. कालक्यावरून शिमल्याला चढणारा रस्ता याच भागातून जातो, त्यामुळे किराणा दुकानात राजमा एका प्रकारचा नसतो. ठिपक्यांचा चित्रा असतो, लहान आणि गडद रंगाचा जम्मूचा असतो, डोंगरातून आलेला आणखी कुठला तरी असतो. ‘राजमा द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘कौन सा?’ महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हे जरा गमतीचं वाटतं. पण आपण तरी तांदूळ घेताना असंच करतो की.

मंद आचेवर डाळ शिजवणं इकडे नवीन नाही. शेजारच्या बीजींना स्लो कुकर दाखवला तर त्या हसून म्हणाल्या, ‘बेटा, ये तो बिजली का हारा है.’ हारा म्हणजे हरियाणा-पंजाबच्या गावांतली मातीची गोल चूल. तिच्यात शेणाच्या गोवऱ्या जाळ न करता नुसत्या धुमसत राहतात. वर मडकं ठेवायचं. दूध तापत ठेवा, खिचडी ठेवा, डाळ ठेवा. दिवसभर शेतात जाऊन या. पंजाबात रात्री भाकऱ्या-रोट्या झाल्यावर तंदूरच्या उरलेल्या धगीवर अख्ख्या उडदाचं मडकं ठेवायची पद्धत होती. उडदाला पंजाबीत ‘माह’ म्हणतात. हॉटेलच्या मेन्यूत ‘माँ की दाल’ लिहिलेलं असतं, ते मुळात ‘माह दी दाल’. आई नंतर आली.

आपल्याकडेही हे होतंच. चुलीच्या बाजूला वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी, आणि तिच्याच उरलेल्या धगीवर वैलावर डाळीचं किंवा कडधान्याचं मडकं. वेगळं सरपण लागायचं नाही आणि कुणी ढवळत बसायचं नाही. पुढे 1910 मध्ये बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ काढला. खाली निखारे, वर एकावर एक डबे, आणि बाहेरून बंद नळकांडं. भात, डाळ, भाजी एकदम लावायची आणि आपल्या कामाला जायचं. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना ते फार सोयीचं होतं. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने त्याच धर्तीवर सराई कुकर तयार केला. उसाच्या पाचटापासून बनवलेल्या थोड्याशा कांडी कोळशावर त्यात घरापुरतं वरण, भात आणि भाजी होते. विजेवर चालणाऱ्या भांड्याचं ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी एकदा सराई कुकर जरूर बघावा.

स्लो कुकरचा जन्मही कडधान्यातूनच झाला. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाने 1936 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1940 मध्ये ते मिळालं. कल्पना आईच्या आठवणीतून आली होती. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, जव आणि मांस घातलेलं ‘चोलंट’चं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचं. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सनने आपल्या भांड्याला नावही ‘बीनरी’ असंच दिलं. 1970 मध्ये त्याची कंपनी रायव्हल या कंपनीने विकत घेतली आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. तंदूर काय, बेकरी काय आणि वैल काय, सगळीकडे उरलेली धग फुकट जाऊ द्यायची नाही, हाच विचार.

मग राजमाचं काय बिनसलं?

राजमा मूळचा आपला नाही. तो अमेरिका खंडातून आला, मिरची आणि बटाट्यासारखाच. आपल्या मंद आचेच्या जुन्या पद्धती उडीद, हरभरा, तूर, हुलगे यांच्यावर बसलेल्या आहेत. राजमाच्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. सोयीसाठी त्याला लेक्टिन म्हणू. लेक्टिनं इतर कडधान्यांतही असतात, पण लाल राजमात हे फार जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार कच्च्या लाल राजमात त्याचं प्रमाण 20,000 ते 70,000 एकक असतं, पूर्ण शिजल्यावर ते 200 ते 400 वर येतं. पांढऱ्या राजमात लाल राजमाच्या साधारण एक तृतीयांश.

कच्चे चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, मग जोराच्या उलट्या, पाठोपाठ जुलाब आणि पोटदुखी. बहुतेक लोक काही तासांत सावरतात. पण घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर त्या काही तासांत अंगातलं पाणी किती जातं, याचा विचार करा. असं झालं तर ओआरएस सुरू करा, डॉक्टरांकडे जा आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगा. नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून राजमाकडे कुणाचं लक्षच जात नाही आणि उरलेला राजमा दुसऱ्या दिवशी डब्यात जातो.

आता स्लो कुकरची अडचण. हे लेक्टिन मोडायला पाणी खरोखर उकळावं लागतं, म्हणजे 100 अंशांच्या आसपास. स्लो कुकरमध्ये पदार्थ फार सावकाश तापतो. काही भांड्यांत केलेल्या तपासण्यांत आतल्या पदार्थाचं तापमान 75 अंशांच्याही वर गेलं नव्हतं. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे सुमारे 80 अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त, पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतो. म्हणजे अर्धवट शिजवलेल्यापेक्षा कच्चा बरा, असा उलटा प्रकार. आणि तास पुरेसे दिले की दाणा मंद आचेवरही मऊ पडतो. बोटाने दाबला, दबला, म्हणजे शिजला, ही आपली नेहमीची परीक्षा इथे कामाची नाही. दाणा मऊ झाला म्हणजे लेक्टिन गेलं असं नाही.

ब्रिटनमध्ये 1976 मध्ये सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी भिजवलेला पण न शिजवलेला राजमा खाल्ला आणि आजारी पडली. त्यानंतर 1989 पर्यंत तिथे अशा 50 संशयित घटना नोंदल्या गेल्या. जपानमध्ये 2006 मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने वजन कमी करण्यासाठी पांढऱ्या राजमाचे दाणे दोन-तीन मिनिटं भाजून, दळून भातावर टाकून खायला सांगितलं. ते करून पाहणारे शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी हैराण झाले, काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. मोबाइलवर येणाऱ्या झटपट डाएटच्या व्हिडिओंवर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मग आपल्या आई-आजीने कधी हे सांगितलं कसं नाही? कारण सांगायची वेळच आली नाही. आपल्या घरांत राजमा आणि प्रेशर कुकर जोडीने नांदले. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं, तिथे लेक्टिन टिकत नाही. ‘रात्री भिजत घाल, सकाळी पाणी फेक, भरपूर शिट्ट्या काढ’ या तीन सूचनांमध्ये सगळी काळजी घेतलेली होती, फक्त तिचं कारण कुणी बोलून दाखवलं नाही. आता शिट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी बटण आणलं, तर ते कारण माहीत असायला हवं.

एक जागा तर अगदी फसवी आहे: दाल मखनी. तिच्यात अख्खे उडीद जास्त आणि राजमा मूठभर. ‘मूठभरच तर आहे’ म्हणून तो उडदाबरोबर तसाच स्लो कुकरमध्ये जातो. इंटरनेटवरच्या बऱ्याच पाककृतीही तेच सांगतात. मूठभर म्हणजे चार-पाच दाण्यांहून कितीतरी जास्त, हे आता वेगळं सांगायला नको.

राजमा असा करा

राजमा निदान पाच तास, शक्यतो रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. ते पाणी फेकून द्या, आमटीत वापरू नका. दाणे धुऊन ताज्या पाण्यात गॅसवर ठेवा. पाणी खळखळायला लागलं की तिथून घड्याळ लावा आणि अर्धा तास उकळू द्या. ब्रिटनमधला सल्ला दहा मिनिटांचा आहे, अमेरिकेतला अर्ध्या तासाचा. मी अर्धा तास धरते. वीस मिनिटांच्या गॅससाठी कशाला जोखीम घ्यायची? प्रेशर कुकर वापरत असाल तर शिट्टी झाल्यावर आच बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेवलं की काम झालं. त्यानंतर हे दाणे स्लो कुकरमध्ये टाका आणि मग हवा तेवढा वेळ द्या. डबाबंद राजमा आधीच पूर्ण शिजवलेला असतो, त्याला हे काही लागत नाही.

इथून वर डोंगरात राहणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. पिंजौरला पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, शिमल्याला सुमारे 93 लाच. म्हणजे तिथे पाणी खळखळताना दिसतं, पण तेवढं गरम नसतं. तिथे उघड्या पातेल्यापेक्षा प्रेशर कुकरच बरा.

‘कुकरमध्येच शिजवायचा तर स्लो कुकर हवाच कशाला?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. वेळ वाचवायला नकोच. पण उकळलेला राजमा कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात चार-पाच तास मंद आचेवर राहिला की दाणा अख्खा राहतो आणि रस्सा दाट होतो. शिट्ट्यांमध्ये दाणे फुटतात, रस्सा मात्र पाणचट राहतो. एवढ्या फरकासाठी मला स्लो कुकर आवडतो.

बाकीची कडधान्यं

अख्खे उडीद या भांड्यासाठीच जन्मले असावेत. रात्रभर भिजवलेल्या एक वाटी उडदाला चार वाट्या गरम पाणी, आलं, लसूण, मीठ. ‘लो’वर आठ ते दहा तास. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पातेल्यापेक्षा पाणी कमी लागतं. छोले आणि हरभरे भिजवून सहा ते आठ तास. अख्खा मसूर न भिजवताही पाच-सहा तासांत होतो. हुलग्यांचं कळण काढायचं असेल तर पाणी वाढवा आणि रात्रभर ठेवा, कळण सुरेख उतरतं. पहिल्या खेपेला मात्र घरी असताना करून बघा, कारण प्रत्येक भांड्याचा वेग वेगळा असतो. वाल आणि पावटेही भिजवून, पाणी टाकून, गॅसवर एक चांगली उकळी काढूनच आत टाका.

तुरीच्या वरणासाठी आणि मुगाच्या डाळीसाठी मी स्लो कुकर काढणार नाही. कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला चार तास कोण थांबणार? मोड आलेली मटकी तर अजिबात टाकू नका, उसळीचा लगदा होतो.

डाळ शिजत नाही अशी तक्रार बऱ्याचदा आंबटामुळे असते. चिंच, कोकम, टोमॅटो, आमचूर लवकर पडलं की दाण्याचं साल कडकच राहतं. गुळानेही थोडं तसंच होतं. आपली आमटी चिंच-गुळाची, त्यामुळे आपल्याला हे जास्त सांभाळावं लागतं: दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच चिंच आणि गूळ. मिठाचं मात्र उगाच बदनाम झालं आहे, ते सुरुवातीला घातलं तरी चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ अडून बसते; अशा वेळी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर शिजते, पण बी-1 जीवनसत्त्व जातं आणि जास्त झाला तर चवही साबणासारखी. आणि वर्षभर डब्यात पडलेलं कडधान्य असेल तर त्यात गणंग निघणारच, त्याला दहा तासही पुरत नाहीत.

फोडणी शेवटी आणि वेगळ्या कढल्यात. स्लो कुकरमध्ये मोहरी तडतडत नाही, जिरं फुलत नाही, हिंगाचा वास उठत नाही. मधेमधे झाकण उघडून डोकावू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटं जातात. थंडीत गारठलेल्या चिनी मातीच्या भांड्यात एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. आधी कोमट, मग गरम.

वीज गेली तर

हा प्रश्न परदेशी पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो, आपल्याकडे तो रोजचा. स्लो कुकर चालू ठेवून तुम्ही कामावर गेलात आणि मधे तीन तास वीज नव्हती, तर आतली डाळ कोमट होऊन तीन तास तशीच राहिली. 60 अंशांच्या खालचं ते कोमट तापमान जंतूंना फार मानवतं. वीज परत आली, डाळ परत तापली, संध्याकाळी घरी आल्यावर काहीच कळत नाही. काही जंतूंचं विष नंतर उकळूनही जात नाही.

घरी असाल तर सोपं आहे: वीज गेली की डाळ लगेच गॅसवर घ्या. बाहेर असाल तर एक साधा उपाय आहे. घरातलं विजेवर चालणारं एखादं घड्याळ, जे वीज गेल्यावर शून्यावर जातं आणि वीज आली की तिथून पुढे चालू लागतं, ते त्याच प्लगच्या पट्टीला जोडून ठेवा. परत आल्यावर ते काय दाखवतं त्यावरून शेवटची वीज कधी आली ते कळेल. वीज किती वेळ गेली होती याचा पत्ताच लागत नसेल तर डाळ टाकून द्या. अन्न टाकताना जिवावर येतं, मान्य. एक वाटी उडीद आणि घरातल्या कुणाचं तरी आजारपण, यांची तुलना करून बघा.

विजेच्या बिलाबद्दलही एक शब्द. भांड्यावर किती वॅट लिहिलेत ते पाहा. 200 वॅटचा स्लो कुकर आठ तास चालला तर 1.6 युनिट जातात. फार नाही, पण ‘जवळजवळ फुकट’ही नाही. प्रेशर कुकर याहून स्वस्तात काम करतो. पैसे वाचवायला म्हणून स्लो कुकर घेऊ नका.

आणि वाघ्या घेवडा

साताऱ्याकडच्या वाचकांनी राजमाचं सगळं वाचून ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणू नये. कोरेगाव भागात होणारा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो याच जातकुळीतला. दाण्यावर लाल रेघा, म्हणून वाघ्या. पिंजौरच्या दुकानातला चित्रा राजमा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तो वाघ्याच वाटला. श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणून आपण जी कोवळी शेंग खातो, तीही याच झाडाची. म्हणून वाघ्यालाही नियम तोच: भिजवा, पाणी फेका, अर्धा तास खळखळून उकळा, मगच मंद आच.

इथे वाघ्या मिळत नाही, तेव्हा त्याची आमटी मी चित्रा राजमाची करते. उकळलेले दाणे, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, तिखट, मीठ, आणि दाणे बुडून वर बोटभर येईल एवढं गरम पाणी. ‘लो’वर चार तास. मग चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, आणखी अर्धा तास. वरून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी. उरलेली आमटी त्याच भांड्यात रात्रभर ठेवू नका. उथळ डब्यात काढा, निवली की लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करताना ती स्लो कुकरमध्ये नाही, गॅसवर, चांगली उकळी येईपर्यंत. बरोबर बाजरीची भाकरी असेल तर उत्तम, नाहीतर इकडची मक्याची रोटीही छान लागते.